खेळांतील गुण आणि खेळाडूचे गुण

मराठी भाषेंत ‘गुण’ हा शब्द दोन अर्थांनीं वापरला जातो, आणि ते दोन अर्थ एकाच शब्दांत कसे नांदूं लागले याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. परीक्षेंत मुलाला मिळतात तेही गुण, आणि मुलाच्या अंगीं असतात तेही गुण. खेळाच्या फलकावर मांडले जातात तेही गुण, आणि खेळाडूच्या ठिकाणीं असावेत अशी आपण अपेक्षा करतों तेही गुणच. पहिले मोजतां येतात, दुसरे मोजतां येत नाहींत. पहिल्यांवरून दुसऱ्यांचें अनुमान करावें, अशी सोय करून घेऊन जगाचा व्यवहार चालतो, आणि बहुतेक वेळां तो बराही चालतो. परंतु अमुक खेळाडू मोठा कीं तमुक, असा वाद घरांत, कचेरींत किंवा आगगाडीच्या डब्यांत एकदां सुरू झाला म्हणजे ही सोय अपुरी पडूं लागते. एक पक्ष आंकडे पुढें करतो. दुसरा म्हणतो, आंकडे राहूं द्या, माणूस पाहा. दोघेही एकाच शब्दाच्या दोन अर्थांवर उभे राहून भांडत असतात, हें दोघांच्याही ध्यानांत येत नाहीं. खेळाडूचें मोठेपण कशांत असतें, हा प्रश्न वरवर पाहतां करमणुकीचा आहे. पण ज्या मापानें आपण खेळाडूस मोजतों त्याच मापानें घरांतील मुलांस, आणि शेवटीं स्वतःस, मोजूं लागतों. म्हणून त्याचा थोडा स्वस्थपणें विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

या विचारासाठीं आम्हीं बिलियर्डचा खेळ निवडला आहे. नरखेडसारख्या तालुक्यांत, जेथें चार माणसें जमलीं म्हणजे बोलणें संत्र्याच्या बहारावर आणि भावावर यावयाचें, तेथें बसून बिलियर्डविषयीं लिहिणें कांहीं वाचकांस विचित्र वाटेल. हा खेळ इंग्रजांबरोबर छावण्यांत आणि क्लबांत आला. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, खालीं पाटीच्या दगडाचें आणि वर हिरव्या बनातीचें त्याचें टेबल सामान्य गृहस्थाच्या घरांत शिरणें शक्यच नव्हतें. तरीही तो आपणांस अगदींच परका आहे असें नाहीं. याच टेबलावर खेळला जाणारा स्नूकर हा खेळ १८७५ सालीं जबलपूर येथील लष्करी अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्यानें प्रथम मांडला, असें मानलें जातें; आणि तें जबलपूर त्या काळीं, नागपूर ज्याची राजधानी होती, त्याच मध्यप्रांतांत मोडत होतें. पुढें १९२२ सालीं पुण्यांत जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनीं १९५८ सालीं कलकत्त्यास हौशी बिलियर्डपटूंचें जगज्जेतेपद मिळविलें, व १९६४ सालीं न्यूझीलंडमध्यें तें पुन्हां मिळविलें. वैयक्तिक खेळांत जगज्जेता ठरलेला पहिला भारतीय म्हणून त्यांचेंच नांव घेतलें जातें. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीन वेळां जगज्जेते झाले. ज्यांच्या नांवावर आज पंचवीसाहून अधिक जागतिक विजेतेपदें आहेत ते पंकज अडवाणीही १९८५ सालीं पुण्यांतच जन्मले, जरी त्यांचा खेळ घडला तो बंगळुरास. तेव्हां विषय परक्याचा नाहीं. शिवाय या खेळांत धावणें नाहीं, अंगबळ नाहीं, पाऊस नाहीं, खेळपट्टी नाहीं. मोठेपणाच्या प्रश्नाला चिकटणारीं इतर बहुतेक निमित्तें येथें आपोआप गळून पडतात, म्हणून तो प्रश्न येथें अधिक स्वच्छ दिसतो.

ज्यांनीं हें टेबल पाहिलें नाहीं त्यांनीं घरचा कॅरम डोळ्यांपुढें आणावा. बिलियर्डमध्यें चेंडू तीनच असतात : दोघां खेळाडूंचा एकेक, आणि एक तांबडा. हातांतील काठीनें आपला चेंडू असा मारावयाचा कीं तो उरलेल्या दोन्ही चेंडूंस लागेल. यास कॅनन म्हणतात, आणि त्याचे दोन गुण. तांबडा चेंडू टेबलाच्या भोकांत घातला तर तीन गुण, प्रतिपक्षाचा घातला तर दोन. कॅरममध्यें स्ट्रायकर भोकांत गेला तर दंड होतो. येथें मात्र आपला चेंडू दुसऱ्यास लागून भोकांत गेला तर त्याचेही दोन किंवा तीन गुण मिळतात. गुण मिळत आहेत तोंवर पाळी आपलीच. एका पाळींत झालेल्या गुणांच्या बेरजेला ब्रेक म्हणतात. आणि तो ब्रेक चालू असेपर्यंत प्रतिस्पर्ध्यानें खुर्चीवर बसून राहावयाचें असतें. या खुर्चीविषयीं आम्हांस पुढें बोलावयाचें आहे.

मोठेपणाचें पहिलें माप आंकड्यांचें. त्याची परीक्षा पाहण्यास बिलियर्डच्या इतिहासासारखें दुसरें ठिकाण नाहीं. १९०७ सालीं लंडन येथें टॉम रीस या खेळाडूनें एका ब्रेकमध्यें ४,९९,१३५ गुण केले. हा ब्रेक सुमारें पांच आठवडे चालला होता. त्याची युक्ति अशी कीं, दोन्ही चेंडू कोपऱ्यांतील भोकाच्या तोंडाशीं असे अडकवून ठेवावयाचे कीं आपला चेंडू त्यांस हलकेच स्पर्श करील, पण ते जागचे हलणार नाहींत. मग एकच फटका पुन्हां पुन्हां मारावयाचा. रीसनें तो अडीच लाखांच्या आसपास वेळां मारला. वृत्तपत्रांचे प्रतिनिधि आणि प्रेक्षक सर्व वेळ हजर नव्हते, या कारणानें त्या ब्रेकला अधिकृत मान्यता मिळाली नाहीं, आणि लवकरच तो फटकाच नियमबाह्य ठरला. आतां एवढी मोठी संख्या ज्याच्या नांवावर आहे त्याला आजवरचा सर्वश्रेष्ठ बिलियर्डपटु म्हणावयास कोणी धजत नाहीं. रीस कुशल होता यांत शंका नाहीं. परंतु ती संख्या त्याच्या कौशल्यापेक्षां नियमांतील एका फटीचें माप अधिक सांगते.

त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमनें १९३२ सालीं लंडनमध्यें जो डेव्हिसविरुद्ध एका पाळींत ४,१३७ गुण केले. तिन्ही चेंडू टेबलाच्या कडेशीं मुठींत राहावेत इतके जवळ ठेवून, त्यांना जणूं कुरवाळीत पुढें नेणारे त्याचे कॅनन पाहून, खेळाचा कारभार पाहणारांस पुन्हां नियम बदलावा लागला. ठराविक गुणांच्या आंत चेंडू टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडील रेषेपलीकडे नेऊन आणण्याचें बंधन आलें. १९७८ सालीं फरेरांनीं राष्ट्रीय स्पर्धेंत १,१४९ गुणांचा ब्रेक करून हौशी खेळांत हजारांची मर्यादा प्रथम ओलांडली, आणि १९९२ सालीं गीत सेठी यांनीं व्यावसायिकांच्या जागतिक स्पर्धेंत १,२७६ गुणांचा ब्रेक केला. म्हणून फरेरा हे लिंड्रमच्या चौथाईच ठरतात काय ? तसें म्हणणारास आपण हिशेब येतो म्हणूं, खेळ कळतो असें म्हणणार नाहीं. नियम निराळे, काळ निराळा, मग चार हजारांतून एक हजार वजा करून काय उरतें ? आंकडा निरुपयोगी आहे, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. डॉन ब्रॅडमनची कसोटी सामन्यांतील सरासरी ९९.९४ भरते, आणि वीस वर्षांच्या कालावधींत मिळविलेली ती सरासरी त्याच्या कौशल्याविषयीं पुष्कळ खरें सांगते. १९४८ सालीं शेवटच्या डावांत तो शून्यावर बाद झाला. चार धावा निघाल्या असत्या तर ती पुरी शंभर भरती. पण त्या चार धावांनीं तो आहे त्याहून मोठा झाला असता, असें कोणास वाटत नाहीं. आंकडा मोठेपणाच्या दारापर्यंत आणून सोडतो. आंत कोण राहतो हें त्याला ठाऊक नसतें.

दुसरें माप लोकमान्यतेचें. १९८० सालीं सुनील गावसकर यांस पद्मभूषण मिळालें. पुढच्याच वर्षीं फरेरांस पद्मश्री जाहीर झाली तेव्हां त्यांनीं ती नाकारली. गावसकरांस जर पद्मभूषण, तर जगज्जेत्या बिलियर्डपटूस त्याहून खालचा मान कां, असा त्यांचा प्रश्न होता. १९८३ सालीं त्यांसही पद्मभूषण देण्यांत आलें. हा वाद केवळ मानापमानाचा नव्हता. त्यांत एक खरा प्रश्न दडलेला होता. लक्षावधि लोक ज्याच्या प्रत्येक धावेबरोबर श्वास रोखून धरतात त्याचें मोठेपण, आणि मूठभर लोकांनीं पाहिलेल्या शांत खोलींतील मोठेपण, यांस एका तराजूंत घालावें कीं नाहीं ? आमच्या मतें फरेरांच्या बाजूस न्याय होता, पण तो अर्धाच होता. राजमान्यतेचा तराजू गर्दीनें झुकूं नये, हें त्यांचें म्हणणें बरोबर. परंतु ‘मी जगज्जेता आहें, ते नाहींत’ या युक्तिवादानें जें मोठेपण सिद्ध व्हावयाचें तेंही शेवटीं पदव्यांच्या मोजणीवरच उभें राहतें. वेगवान गोलंदाजापुढें दिवसभर उभें राहण्याचें धैर्य आणि हिरव्या बनातीवर केसाइतका कोन साधण्याची स्थिरता यांचा परस्परांत विनिमय करून देणारा सराफ कोठेंच नाहीं.

लोकमान्यता उशिरांही येते, आणि कधीं येतच नाहीं. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते १९८४ सालीं वारले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांस मरणोत्तर मिळाला. मधल्या वर्षांत त्यांचें मोठेपण कमी होतें आणि पुरस्काराच्या दिवशीं तें वाढलें, असें कोण म्हणेल ? वाढलें असेल तर आपलें ज्ञान वाढलें.

तिसरें माप अधिक फसवें आहे, कारण तें जाणकारीचा वेष घेऊन येतें. तें म्हणजे कठीण फटक्याचें माप. नवखा प्रेक्षक टाळी केव्हां वाजवितो हें पाहावें. चेंडू तीन बाजूंस आपटून, लांबचा वळसा घेऊन नेमका दुसऱ्या चेंडूवर येऊन लागला, कीं तो वाजवितो. फटका खरोखरच अवघड असतो, आणि टाळी अयोग्य आहे असें नाहीं. परंतु मुरलेला खेळाडू तेवढ्यांत मनाशीं एक प्रश्न विचारून घेतो : असा फटका मारण्याची पाळी याच्यावर आलीच कां ? बिलियर्डमध्यें प्रत्येक फटक्याचीं कामें दोन. एक गुण मिळविणें, आणि दुसरें, तिन्ही चेंडू अशा जागीं ठेवणें कीं पुढचा फटका सोपा व्हावा. पहिलें काम सर्वांस दिसतें, दुसरें पुढचा फटका होईपर्यंत दिसत नाहीं. म्हणून या खेळांत बहुतेक कठीण फटका हा मागच्या फटक्यांतील चुकीचा दंड असतो. उत्तम खेळाडूचा मोठा ब्रेक पाहण्यास बसलें तर एकदां तांबडा भोकांत, एकदां कॅनन, पुन्हां तांबडा, असा तो घरांतल्या जात्याप्रमाणें एका लयींत चालतो, आणि एखाद्या अनभिज्ञास वाटतें, हें तर मीही केलें असतें. त्याला तसें वाटणें हीच त्या खेळाडूच्या कौशल्याची खूण होय.

खेळाडूंच्या संवयीसुद्धां या दृष्टीनें पाहण्यासारख्या असतात. काठीच्या टोकाला चामड्याची लहानशी टिकली असते. ती गुळगुळीत चेंडूवरून घसरूं नये म्हणून तिला खडू लावतात. कसलेला खेळाडू फटक्यापूर्वीं खडू लावतो, आणि लावतां लावतां टेबलाभोंवती एक फेरी घालून पुढच्या चार फटक्यांचा विचार करून घेतो. नवशिका फटका चुकल्यानंतर काठीकडे रागानें पाहून खडू लावतो. खडू तोच, पण एकाच्या हातीं ती तयारी असते आणि दुसऱ्याच्या हातीं ती सबब होते.

हें तत्त्व टेबलापुरतें नाहीं. आमच्या भागांत संत्र्याच्या आंबिया बहारासाठीं हिवाळ्यांत झाडांचें पाणी तोडून त्यांस ताण द्यावा लागतो. हलक्या जमिनींत तो कमी दिवस, भारी जमिनींत अधिक. कमी पडला तर फूल येत नाहीं, अधिक झाला तर झाड खचतें. पुढें फळ धरलें म्हणजे व्यापारी बागेंत येतो, फळें मोजतो, आकार पाहतो आणि भाव बोलतो. ताणाचे दिवस तो मोजीत नाहीं. घरांतही तेंच. महिनाअखेरीस ज्या घरांत कोणापुढें हात पसरावा लागत नाहीं, त्या घरच्या गृहिणीचें कौतुक क्वचितच होतें. कारण तेथें कांहीं घडलेलेंच नसतें. संकट येऊं देऊन मग तें धडाडीनें निवारणारास आपण शूर म्हणतों, आणि संकट येऊंच न देणारास नशीबवान म्हणतों. बिलियर्डच्या टेबलावर नवखा प्रेक्षक जी चूक करतो ती आपण घरांत बसून रोज करीत असतों.

येथवर आम्ही कौशल्याविषयींच बोललों. आतां त्या खुर्चीकडे वळूं. बुद्धिबळांत आपल्या खेळीस उत्तर देतां येतें, क्रिकेटांत समोरच्या फलंदाजास चेंडू टाकतां येतो. बिलियर्डमध्यें प्रतिस्पर्ध्याचा ब्रेक चालला असतां त्याला अडविण्याचें कोणतेंही साधन आपल्या हातीं नसतें. त्याच्या दृष्टीच्या रेषेंत न येतां, हालचाल न करतां बसावयाचें, आणि आपला पराभव दोन दोन, तीन तीन गुणांनीं वाढतांना पाहावयाचा. त्यानें चुकावें अशी इच्छा मनांत येत नाहीं असें म्हणणारा खेळाडू खोटें बोलत असेल. परंतु ती इच्छा मनांत असूनही ज्याला समोरच्या सुंदर फटक्याचें सौंदर्य दिसतें, आणि पाळी आल्यावर ज्याचा हात रागानें किंवा घाईनें कांपत नाहीं, त्यानें खेळाचा दुसरा अर्धा भाग जिंकलेला असतो. या अर्ध्याची नोंद कोणत्याही फलकावर होत नाहीं.

तशीच दुसरी एक गोष्ट. वांकून फटका मारतांना अंगरख्याची बाही चेंडूस निसटती लागते, किंवा काठीचें टोक चेंडूस दोनदां शिवतें. पंचाच्या तें ध्यानांत येत नाहीं, प्रेक्षकांस तर दिसणेंच शक्य नसतें. अशा वेळीं खेळाडूनें आपण होऊन चूक सांगावी आणि पाळी सोडून खुर्चीवर जावें, असा या खेळाचा जुना संकेत आहे. जो हा संकेत पाळतो तोच थोर, असें म्हणण्याचा मोह येथें होतो. पण त्यावर एक वजनदार आक्षेप आहे. अमेरिकेचा गॉल्फपटु बॉबी जोन्स यानें १९२५ सालच्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेंत, इतर कोणीही न पाहिलेल्या चेंडूच्या सूक्ष्म हालचालीबद्दल स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. सामना बरोबरींत सुटून फेरखेळांत तो हरला. लोक वाखाणूं लागले तेव्हां, चोरी केली नाहीं म्हणून कोणी माणसाचें कौतुक करतें काय, अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिल्याचें प्रसिद्ध आहे. आक्षेप खरा आहे. प्रामाणिकपणा ही खेळाडूची पात्रता होय. ती नसणें लांच्छन, पण ती असणें म्हणजे पराक्रम नव्हे. गल्लींतील सर्वांत सच्चा कॅरमपटु तेवढ्यानें मोठा खेळाडू होत नाहीं. तो सज्जन ठरतो, आणि सज्जन असणें ही निराळी, कदाचित् अधिक मोलाची, गोष्ट आहे.

मग दोन्ही गुणांचा संबंध काय ? आमचें उत्तर असें. सद्गुण हा कौशल्यावर मागाहून लावलेला अलंकार नव्हे, आणि त्याच्या बदलीं चालणारें नाणेंही नव्हे. खऱ्या कौशल्याच्या वाढींतच तो मिसळलेला असतो. जो आपली निसटती चूक इतरांपासून लपवितो तो हळूहळू ती स्वतःपासूनही लपवूं लागतो. आणि ज्याला आपली चूक दिसत नाहीं त्याला चेंडू एक तसूभर पलीकडे कां गेला हेंही पुढें कळेनासें होतें. ज्याला टाळीची तहान आवरत नाहीं तो सोप्या फटक्याऐवजीं नेत्रदीपक फटका निवडतो, आणि त्याचा ब्रेक तेथेंच तुटतो. ज्याला खुर्चीवर बसवत नाहीं तो पाळी येतांच घाई करतो. म्हणजे सचोटी, संयम आणि सहनशीलता हे गुण फलकावर दिसत नसले, तरी फलकावरील गुण ज्यांतून येतात तें पाणी तेंच आहे. एखादा लबाड मनुष्य एखादा सामना जिंकील, एखादें वर्षही गाजवील. खेळाच्या इतिहासांत तशीं उदाहरणें मिळतील, आणि तीं नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु दहा-वीस वर्षें एका टेबलाभोंवती फिरून, नियम बदलले तरी, प्रतिस्पर्धी बदलले तरी, ज्याचा खेळ खोल होत जातो, त्याच्या अंगीं निदान आपल्या कामापुरती तरी स्वतःशीं सचोटी असलीच पाहिजे. अशा खेळाडूंत पहिला कोण आणि दुसरा कोण हा वाद खुशाल चालावा. त्यानें आगगाडीचा प्रवास सुखाचा होतो. त्याचा निकाल मात्र लागावयाचा नाहीं, आणि तो न लागण्यानें कोणाचें मोठेपण उणें होत नाहीं.

हें सर्व लिहितांना आमच्या डोळ्यांपुढें बिलियर्डपटूंपेक्षां विद्यार्थीच अधिक आहेत. ज्या मुलाला सोप्या प्रश्नाचें उत्तर नीट, स्वच्छ आणि वेळेंत लिहितां येतें त्याच्यापेक्षां एखादें अवघड उत्तर झटक्यांत सांगणारा मुलगा घरीं आलेल्या पाहुण्यांपुढें अधिक उभा केला जातो. शेजारच्या मुलास अधिक गुण मिळाले तर त्या मुलाचें अभिनंदन कसें करावें, हें शिकविण्याची आठवण फार थोड्या घरांत होते. आणि खुर्चीचें शिक्षण तें हेंच. निकालाच्या दिवशीं किती गुण मिळाले हें घरोघर विचारलें जाईल, आणि तें विचारलेंही जावें. मात्र उत्तर ऐकून संभाषण तेथेंच संपलें, तर त्या मुलास आपण एका चांगल्या शब्दाचा अर्धाच अर्थ शिकविला असें होईल.